मुलाचे मार्क कमी वाटतात, शाळेत जावं का? पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपरही तपासले. सहामाहीचे पेपर मुलांच्या हातात पडले की, आणि पुन्हा मे-जूनमध्ये निकाल लागले की, ओळखीचे पालक तेच ते प्रश्न पाठवतात. त्यांच्याच शब्दांत ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या, मुख्यतः राज्य मंडळाच्या शाळांना धरून आहेत. सीबीएसईसाठी प्रश्न १२ पाहा.

१. मुलाला मार्क कमी मिळालेत असं वाटतं. शाळेत जाऊन विचारावं की गप्प बसावं?

विचारावं. पण ‘मार्क वाढवा’ म्हणायला जाऊ नये. ‘पेपर बघायला मिळेल का’ एवढंच विचारायला जावं. पेपर न बघता केलेली तक्रार हा नुसता संशय असतो, आणि पेपर नीट बघितल्यावर बऱ्याचदा तक्रार उरतच नाही.

उरलीच, तर ती कसली आहे ते आधी ओळखा. बेरीज चुकली, पुरवणी मोजायची राहिली, एक उत्तर तपासलंच नाही, ही सरळ चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेण्याचा मुलाचा हक्क आहे. उत्तर तपासलं आहे पण मार्क का कापले ते कळत नाही, तेव्हा निकष विचारावा. निबंधाला दहापैकी सहा की सात हा मात्र तपासणाऱ्याच्या मताचा भाग आहे. तिथे वाद घालून कुणाच्या हाती काही लागत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

२. तक्रार केली की बाई मुलावर डूख धरतील, अशी भीती वाटते.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तसे शिक्षक असतात. पण ते थोडे असतात, आणि बहुतेक वेळा बिनसतं ते विचारण्याच्या पद्धतीमुळे.

एका वर्षी माझ्याकडून दोन पेपरांत चुका झाल्या. सहामाहीला चार तुकड्या म्हणजे दोनशेहून जास्त मुलं, त्यात बीजगणित आणि भूमिती वेगळे. रात्री अकरानंतर केलेल्या बेरजा चुकतात. एका मुलाच्या पुरवणीतले आठ मार्क धरायचे राहिले होते. त्याचे वडील मधल्या सुट्टीत आले आणि इतर शिक्षकांसमोर आवाज चढवून बोलू लागले. मी आधी स्वतःचा बचाव केला, पेपर नंतर उघडला. चूक माझीच होती, पण ती मान्य करायला मी दोन दिवस घेतले. याची मला आजही खंत आहे. त्याच आठवड्यात एका मुलीच्या आईनं वहीच्या पानावर चिठ्ठी पाठवली: ‘बाई, प्रश्न ४ च्या मार्कांची बेरीज आमच्याकडे ११ येते, मुखपृष्ठावर ९ आहे. सवडीनं बघाल का?’ तिचं काम पाच मिनिटांत झालं.

चिठ्ठीत प्रश्नाचा क्रमांक आणि आकडा असू द्या. ‘तुम्ही’ हा शब्द शक्यतो टाळा. वर्गाच्या दारात, शाळा सुटताना, इतर पालकांसमोर विषय काढू नका. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पेपराचा फोटो तर अजिबात टाकू नका. तिथे एकदा चर्चा सुरू झाली की शिक्षकाला माघार घेणं अवघड होतं, आणि नुकसान तुमच्याच मुलाचं होतं.

३. पेपर घरी आला की आधी नेमकं काय बघायचं?

हातात पेन घेऊ नका, पेन्सिलही नको. पेपरावर घरची एक रेघ उमटली की पुढची सगळी चर्चा त्या रेघेवरच होते. मुखपृष्ठासकट प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि वेगळ्या कागदावर काम करा.

प्रत्येक उपप्रश्नाचे मार्क उतरवून बेरीज करा. मग ती मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी प्रश्नवार जुळवा, नुसती एकूण बेरीज जुळवून थांबू नका. दोन चुका एकमेकींना झाकतात. सर्वांत जास्त गफलती पानाच्या मागच्या बाजूला आणि पुरवणीत होतात. मुलानं प्रश्न ३ अर्धा सोडून पुढे जाऊन पुरवणीत पूर्ण केला असेल, तर तो तुकडा तपासायचा राहतो. प्रत्येक उत्तरापुढे काहीतरी असायला हवं, शून्य असलं तरी चालेल. समासात काहीच नसेल तर ते उत्तर तपासलेलं नाही असं समजा.

प्रश्नपत्रिका शेजारी घेऊन बसा. ‘कोणतेही तीन सोडवा’ असताना चार सोडवले असतील तर कोणते तीन धरले ते बघा. प्रश्नाचा क्रमांक मुलानंच चुकीचा घातला असेल तर तपासणारा गोंधळतो. ३ (ब) चं उत्तर ३ (अ) म्हणून लिहिलं की बरोबर उत्तरालाही शून्य मिळू शकतं. अशा वेळी चूक मुलाची असते, पण विचारायला हरकत नाही. शाळेतल्या परीक्षेत बहुतेक शिक्षक समजून घेतात.

हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा. पाचवीच्या पुढच्या मुलाला तर ही बेरीज स्वतःलाच करू द्या. आणि बेरजेत मार्क जास्त पडलेले दिसले तर प्रश्न १७ पाहा.

४. शिक्षकांशी बोलायचं कुणी? मुलानं की आम्ही?

चौथीपर्यंत तुम्ही बोला. पाचवी ते सातवी बरोबर जा, पण पहिलं वाक्य मुलाला बोलू द्या. आठवीपासून आधी मुलानं एकट्यानं जावं, आणि त्याला दाद मिळाली नाही तरच तुम्ही.

‘बाई, इथे माझे दोन मार्क धरले नाहीत असं वाटतं’ हे वाक्य तेराव्या वर्षी म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्या वर्गातली एक लाजाळू मुलगी हे वाक्य पाठ करून आली होती. म्हणताना तिचा आवाज कापत होता. तिचे दोन मार्क वाढले नाहीत, कारण ते आधीच वरच्या ओळीत दिलेले होते, मी ते तिला दाखवलं. पण त्यानंतर वर्गात हात वर करणारी ती पहिली असायची. तिची आई त्या दिवशी तिच्याऐवजी आली असती, तर ही मुलगी मला ओळखीची झालीच नसती.

५. प्रगतिपुस्तकात मार्क नाहीत, नुसती श्रेणी आहे. मागच्या सत्रात अ-१ होती, आता ब-१. हे कशावरून ठरलं?

पहिली ते आठवीसाठी राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात दोन भाग आहेत. आकारिक मूल्यमापन वर्षभर चालतं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. त्या निर्णयाप्रमाणे पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० टक्के. म्हणजे दुसरीतल्या मुलाची श्रेणी खाली आली असेल तर कारण सत्र परीक्षेच्या पेपरात सापडण्याची शक्यता कमी. ते वर्गातल्या कामात शोधावं लागतं.

श्रेणीचे टप्पे असे: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, आणि त्याखाली इ-१, इ-२. गंमत अशी की ८१ चं ८० झालं की श्रेणी बदलते आणि ९० चं ८१ झालं तरी ती तशीच राहते. म्हणून श्रेणी घसरली म्हणून घाबरण्याआधी आकडा विचारा. शिक्षकांच्या नोंदवहीत तो असतो.

या वयात श्रेणीवरून वाद घालणं मला पटत नाही. त्यापेक्षा शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदी वाचा. ‘गुणाकारात हातचा धरायला विसरतो’ या एका नोंदीत अ-१ आणि ब-१ या दोन्हींपेक्षा जास्त माहिती आहे. नोंद नुसतीच ‘प्रगती समाधानकारक’ असेल, तर जरूर विचारा: नेमकं काय येतं, काय येत नाही?

६. आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना? मग पाचवीच्या मुलाला फेरपरीक्षा कशी?

नियम बदलला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं ती २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून लागू केली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा मिळते, ती निकालानंतर दोन महिन्यांच्या आत. त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागू शकतं. शाळेतून मात्र कुणालाही काढता येत नाही.

म्हणून या दोन इयत्तांत पेपर बघण्यात हयगय करू नका. उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. इथे न धरलेल्या तीन मार्कांनी मुलाचं वर्ष अडू शकतं.

७. उत्तर बरोबर आहे, पण पुस्तकातल्यासारखं नाही म्हणून मार्क कापले. हे योग्य आहे का?

प्रश्नात काय सांगितलं होतं त्यावर ते अवलंबून आहे. ‘वर्गसमीकरण सूत्राचा वापर करून सोडवा’ असं असताना मुलानं अवयव पाडून उत्तर काढलं, किंवा ‘क्रेमरच्या पद्धतीने’ म्हटलेलं असताना एक चल काढून टाकून सोडवलं, तर मार्क जाणारच. तिथे ती पद्धत येते का हेच तपासायचं होतं. पण प्रश्न नुसता ‘सोडवा’ असेल, तर गणिताच्या दृष्टीनं योग्य असलेली कुठलीही रीत चालायला हवी आणि पूर्ण मार्क मिळायला हवेत. क्लासमध्ये शिकवलेली आडवाट आहे म्हणून मार्क कापणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. असं झालं असेल तर मुलाला शिक्षकांसमोर ते उदाहरण फळ्यावर करून दाखवू द्या. त्याला प्रत्येक पायरीचं कारण सांगता आलं तर शिक्षक मार्क देतात. नाही सांगता आलं, तर त्यानं रीत पाठ केली होती, हेही तिथेच कळतं.

भूमितीत उलट अनुभव येतो. उत्तर बरोबर, आकृती सुरेख, पण विधानापुढचं कारण लिहिलेलं नाही. पालक म्हणतात, उत्तर तर आलंय. पण सिद्धतेत कारणालाच मार्क असतात. विज्ञानात एकक न लिहिणं, आकृतीला नावं न देणं हेही त्याच जातीचं. इथे कापलेला अर्धा मार्क पुढच्या वेळचे पाच वाचवतो.

भाषेच्या पेपरात ‘आपल्या शब्दांत लिहा’ असं असून मार्गदर्शकातलं उत्तर अपेक्षित धरलं असेल, तर मी पालकांच्या बाजूनं आहे. स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्या मुलाचे मार्क गेले की पुढच्या वेळी ते मूल पाठ करून लिहायला लागतं. हे शिक्षकांशी बोलाच, मार्क वाढोत न वाढोत.

८. अर्ध्या मार्कासाठी जाणं बरं दिसतं का?

बेरीज चुकली असेल तर अर्ध्या मार्कासाठीही जा. शिक्षकांनी विचारपूर्वक दिलेला अर्धा मार्क असेल तर जाऊ नका.

९. दहावीचे अंतर्गत २० गुण शाळेच्या हातात असतात. तिथे कमी मिळाले तर?

हा प्रश्न बहुतेकांना निकालानंतर सुचतो आणि तोवर उशीर झालेला असतो. बोर्डाची गुणपडताळणी (प्रश्न १०) लेखी उत्तरपत्रिकेची असते. तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिक यांचे गुण शाळेनं मंडळाकडे पाठवण्याआधीच विचारायला हवेत, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. मुलानं वही दिली होती का, तोंडी परीक्षेला तो हजर होता का, प्रयोगवहीवर सही झाली का, हे तेव्हाच बघा.

या वीस गुणांचं वजन किती ते २०१९ साली सगळ्या राज्यानं पाहिलं. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण त्या वर्षी काढून टाकले होते. दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत सुरू झाले. मग २०२१ साली करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही. तेव्हा शंभरपैकी ५० गुण नववीच्या निकालाचे, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे आणि २० तोंडी-गृहपाठ-प्रात्यक्षिकांचे धरले गेले. ‘नववीला कोण विचारतं’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत त्या जूनमध्ये नववीच्या गुणपत्रिका शोधल्या गेल्या.

१०. गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यात फरक काय? खर्च किती?

गुणपडताळणीत उत्तरं पुन्हा तपासली जात नाहीत. सगळ्या उत्तरांना गुण दिलेत का, बेरीज बरोबर आहे का, उत्तरपत्रिकेवरचे गुण गुणपत्रिकेवर नीट उतरलेत का, एवढंच बघतात. छायाप्रत म्हणजे तुमच्या मुलाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकनात उत्तरं नव्यानं तपासली जातात, पण त्यासाठी आधी छायाप्रत घेणं बंधनकारक आहे. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो.

अलीकडच्या वर्षांत शुल्क प्रत्येक विषयाला असं राहिलं आहे: पडताळणी ५० रुपये, छायाप्रत ४०० रुपये, पुनर्मूल्यांकन ३०० रुपये. पडताळणी आणि छायाप्रतीसाठी निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे मिळतात, आणि छायाप्रत हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाला फक्त पाच कामाचे दिवस. दरवर्षी निकालाच्या निवेदनात त्या वर्षीच्या तारखा असतात, त्या भिंतीवर लिहून ठेवा. मुदत गेली की विभागीय मंडळात कुणाच्या ओळखीनंही काही होत नाही.

बोर्डाचा पेपर परीक्षक तपासतो, त्यातले काही नियामक पुन्हा बघतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो. तपासणाऱ्याला मुलाचं नाव दिसत नाही. त्यामुळे ‘मुद्दाम कमी दिले’ ही शंका इथे सोडून द्या. घाईत पान चुकणं, बेरीज चुकणं मात्र घडू शकतं.

माझा सल्ला: मुलाला अपेक्षा होती त्याहून एका विषयात फारच कमी, म्हणजे इतर विषयांशी अजिबात न जुळणारे गुण असतील, तर थेट छायाप्रत मागवा. प्रत आली की त्याच दिवशी प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे मोजा आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या विषयशिक्षकांना दाखवा. क्लासच्या सरांना दाखवू नका असं नाही, पण शेवटचा शब्द बोर्डाचे पेपर तपासलेल्या शिक्षकाचा घ्या. ते ‘अर्ज करा’ म्हणाले तरच पुनर्मूल्यांकनाकडे वळा. सहाही विषयांना सरसकट अर्ज करणारे पालक बघितले की मला त्या पैशांपेक्षा त्या मुलाची काळजी वाटते. पुढचे कित्येक आठवडे त्या घरात दुसरं बोलणं नसतं.

११. समाजशास्त्रात ६२ च मिळाले. पुनर्मूल्यांकन करावं का?

आधी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ मोजा. राज्य मंडळाच्या दहावीत सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून पाचशेपैकी टक्केवारी काढतात. समजा गुण ९१, ८८, ८५, ८४, ७९ आणि ६२ आहेत. पहिल्या पाचांची बेरीज ४२७, म्हणजे ८५.४० टक्के. ६२ चे ७० झाले तरी टक्केवारी ८५.४०च राहते. तो विषय ७९ च्या पुढे जाणार असेल तरच फरक पडेल. त्या ६२ वर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचे सातशे रुपये खर्च करण्याआधी ही बेरीज करा. सहावा विषय नापासाच्या हद्दीत असेल तर गोष्ट अर्थातच वेगळी.

१२. पुनर्मूल्यांकनात मार्क कमी होऊ शकतात का? आणि सीबीएसईत काय?

पुन्हा तपासणारा परीक्षक एखाद्या उत्तराला कमीही देऊ शकतो, ही शक्यता धरूनच अर्ज करा. सीबीएसईचा नियम तर स्पष्ट आहे: एक गुण कमी झाला तरी तोच ग्राह्य धरला जातो. सीबीएसईनं २०२५ पासून क्रमही बदलला. आता आधी उत्तरपत्रिकेची प्रत घ्यायची आणि ती बघून मगच पडताळणी किंवा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण आंधळा अर्ज त्यात करताच येत नाही.

१३. पडताळणीचा निकाल यायचाय आणि अकरावीची यादी लागतेय. थांबू का?

थांबू नका. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया राज्यभर आहे. हातात आहेत त्या गुणांवर अर्ज भरा, मिळेल ती जागा घ्या. गुण वाढले तर सुधारित गुणपत्रिका घेऊन लगेच प्रवेश यंत्रणेकडे जा. वाढतील या आशेवर फेरी सोडलेली मुलं शेवटी दूरच्या कॉलेजात गेलेली मी पाहिली आहेत.

१४. शाळा पेपर दाखवतच नाही. माहितीच्या अधिकारात मागता येतो का? कोर्टात जाता येतं का?

सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की परीक्षा देणाऱ्याला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते, ती जपून ठेवण्याच्या मुदतीत असेपर्यंत. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विनाअनुदानित खासगी शाळेत हा रस्ता थेट चालत नाही. तिथे मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

पण बघण्याचा हक्क आणि पुन्हा तपासून घेण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८४ साली आपल्याच राज्य मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि नियमात नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही असं ठरवलं. आज मंडळाच्या नियमात ते आहे म्हणून मिळतं. शाळेच्या घटक चाचणीसाठी वकील गाठणाऱ्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोच घेतलेलं एक पत्र आणि पालक-शिक्षक संघातली एक शांत चर्चा यांनी यापेक्षा जास्त काम होतं.

१५. आमची खात्री आहे की सर मुद्दाम मार्क कमी देतात. त्यांच्या क्लासला लावलं नाही म्हणून.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. त्यामुळे हा आरोप खरा असेल तर तो मार्कांपेक्षा मोठा आहे. जातीवरून, मुलगी म्हणून किंवा घरच्या परिस्थितीवरून वर्गात डावलणं होत असेल तर तेही. अशा वेळी गप्प बसू नका.

मात्र एका पेपरावर आरोप उभा करू नका. वर्षभरातले तीन-चार पेपर ठेवा. एकाच प्रकारच्या उत्तराला दुसऱ्या मुलाला किती मिळाले ते त्या पालकांच्या संमतीनं बघा. मग मुख्याध्यापकांना लेखी द्या. उत्तर नाही आलं तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती कायद्यानं असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यानंतर प्राथमिकसाठी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). पत्रात घटना, तारीख, पेपर एवढंच लिहा. शिक्षकाच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको.

१६. मुलाला अध्ययन अक्षमता आहे. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी सगळीकडे मार्क कापलेत.

इथे तुम्ही शाळेत जायलाच हवं, आणि परीक्षेआधी जायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे. राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देतं. त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत त्यासाठी वेगळी केंद्रं आहेत. तपासणीला अनेक फेऱ्या लागतात, म्हणून दहावीची वाट बघू नका, आठवी-नववीतच सुरुवात करा. प्रमाणपत्राची प्रत वर्गशिक्षकांनाच नव्हे, प्रत्येक विषयशिक्षकाला मिळाली का ते विचारा. बऱ्याचदा ते कार्यालयाच्या फाइलमध्येच राहतं आणि पेपर तपासणाऱ्या बाईंना काही माहीतच नसतं.

१७. बेरजेत चुकून पाच मार्क जास्त पडलेत. सांगावं का?

सांगावं. मुलानंच जाऊन सांगावं. कमी पडले असते तर तुम्ही गेलाच असता. सातवीतला एक मुलगा माझ्याकडे पेपर घेऊन आला होता: ‘बाई, माझे ५८ आहेत, तुम्ही ६३ लिहिलेत.’ मी ५८ केले. वाढवलेले मार्क बक्षीस म्हणून तसेच ठेवावेत असं शेजारच्या बाई म्हणाल्या, पण मला ते बरोबर वाटलं नाही. त्याऐवजी संध्याकाळी त्याच्या घरी फोन केला आणि त्याच्या आईला काय घडलं ते सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१८. चूक स्पष्ट आहे, पण मुलगी म्हणते, ‘आई, तू नको ना येऊस शाळेत.’

का नको, ते आधी ऐका. कधी मैत्रिणी हसतील म्हणून असतं, कधी बाई रागावतील म्हणून, आणि कधी ती चूक तिला पेपरात दिसते तितकी स्पष्ट वाटत नसते. शाळेतली परीक्षा असेल आणि चार-सहा मार्कांचा प्रश्न असेल, तर तिचं ऐका. तिला चिठ्ठी लिहून द्या, ती द्यायची की नाही ते तिच्यावर सोपवा. पाचवी-आठवीच्या उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा किंवा बोर्डाचा प्रश्न असेल तर मात्र तिला समजावून सांगून जा, तिच्या नकळत नको. आणि ‘कमी दिले’ नव्हे तर ‘मला मारलं’, ‘सगळ्यांसमोर बोलले’ असं काही तिच्या बोलण्यात आलं, तर पेपर बाजूला ठेवा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा.